दारापर्यंत सोडायला

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे तिची आधीची नोकरी गेली होती. तिला चालता यायचं, बोलताही यायचं. चालता चालता बोलणं मात्र जमायचं नाही.

नव्या नोकरीच्या मुलाखतीसाठी नवऱ्याने आठवडाभर तिला खुर्चीत बसवून तालीम दिली. "एकदम दोन कामं जमतील?" याचं उत्तर ती इतकं धडाधड द्यायची, की तो म्हणायचा, "अगं, पाढे म्हणतेयस का? जरा सावकाश!"

मुलाखत झकास झाली. तो प्रश्न आलाच नाही. खूश झालेल्या मॅडम तिला दारापर्यंत सोडायला निघाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "अरे हो, विचारायचं राहिलंच. एका वेळी दोन कामं जमतील ना?"

 

ती जागीच थांबली, भिंतीला हात टेकवला आणि मग म्हणाली, "अगदी सहज!"