कपाळावरचा व्रण

परीक्षितची पहिलीच कथा दिवाळी अंकात आली आणि कुवेतच्या मराठी मंडळाने त्याचं भाषण ठेवलं. विषय होता, परदेशात राहून आयुष्यभर आपल्याच गावच्या माणसांवर लिहिणारा आयरिश लेखक. कार्यक्रमादिवशी सकाळी नाशिकहून ताईचा फोन आला. "कथा छान झालीय. पण त्या पळून गेलेल्या मुलीच्या कपाळावरचा व्रण तरी बदलायचास. सासरी सगळ्यांनी मला ओळखलं." लिहिताना तो व्रण त्याने किती हौसेने रंगवला होता! संध्याकाळी रुमैथिया भागातल्या हॉलमध्ये तो त्या लेखकाच्या उमेदवारीच्या दिवसांवर कसाबसा बोलला, टाळ्याही पडल्या. मग श्रोत्यांतल्या, कॉलेजात शिकणाऱ्या शर्वरीने विचारलं, "काका, ज्यांच्यावर त्याने लिहिलं, त्यांना काय वाटलं?" "ते मी शोधलंच नाही," तो पुटपुटला आणि खाली उतरला. गाडीत बसून त्याने ताईला फोन लावला. माफी मागणार, इतक्यात तिनेच विचारलं, "भाषण कसं झालं रे?"