नानाजी शेटची कूपनं

रुखमाने डालड्याचा डबा उपडा केला आणि सारवलेल्या जमिनीवर गुलाबी कागदांचा ढीग पडला. काही दहा पैशांची कूपनं, काही चार आण्यांची. प्रत्येकावर नानाजी शेटच्या किराणा दुकानाचा शिक्का.

"आत्याबाई, हे कवा वापरणार? का व्याजानं वाढून राह्यले डब्यात?"

सासू, अंजनाबाई, दारात बसून तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

"राहू दे तिथीच," एवढंच म्हणाली.

चिल्लरीचा दुष्काळ पडून दोन वर्षं होत आली होती. मूल गावच्या बाजारात जा, एस्टीत बसा, टपरीवर चहा प्या, सगळीकडे एकच धोशा, सुट्टे द्या. शेवटी नानाजीने पातळ कागदावर शिक्के मारून स्वतःची कूपनं काढली. उरलेल्या पैशांऐवजी कूपन घ्यायचं, पुढच्या वेळी त्याच्याच दुकानात चालवायचं. दुसरीकडे त्याला कुत्रं विचारत नव्हतं. रुखमा लग्न होऊन या गावात आली ती याच दिवसांत. बल्लारपूरची पोर, बोलायला फटकळ आणि व्यवहाराला पक्की.

सासूचा व्यवहार मात्र तिच्या डोक्यावरून जाई. बौद्धपुऱ्याच्या तोंडाशीच लटारूचं नवं दुकान होतं. त्याचा मेहुणा एस्टीत कंडक्टर, म्हणून त्याच्या गल्ल्यात चिल्लर खुळखुळायची. माल ताजा, माणूस गोड. तरी अंजनाबाई अख्खं गाव ओलांडून नानाजीकडेच जायची. बरं, गेली तर एकदाच सगळं घेऊन यावं ना! छे! सकाळी मीठ, दुपारी हळद, दिवेलागणीला काडेपेटी. दरवेळी अख्खा रुपया पुढे करायचा आणि कूपन घेऊन यायचं. आधीचं कूपन चालवायचं तर नावच नको. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

एरवी रुखमाने हसण्यावारी नेलं असतं. पण रविवारी बल्लारपूरला तिच्या बहिणीच्या लेकीचं नामकरण होतं. बहिणीचं पहिलंच लेकरू, तेही किती वर्षांनी झालेलं. एस्टीच्या भाड्याला घरात पैसा नव्हता. जो होता तो या डब्यात कागद होऊन पडला होता, आणि कंडक्टर काही नानाजी शेटचं कूपन घेणार नव्हता. रुखमाचा जीव नुसता तुटत होता.

एवढ्यात तिचा नवरा श्रावण राइस मिलमधून जेवायला आला. हात धुता धुता म्हणाला, "नानाजीनं चंद्रपूरहून चिल्लरीची थैली आणली म्हणते. कूपनं बंद. ज्याच्याजवळ हायेत त्यानं आणून द्या अन् पैसे घेऊन जा."

"बाप्पा! बरं झालं!" रुखमा उडालीच.

अंजनाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"सारेच बंद केले काय रे?"

"सारेच."

म्हातारीचा चेहरा एवढासा झाला. कागदांचा एवढा कसला लळा, रुखमाला कळेना. पण आता थांबायला तिला वेळ नव्हता. तिने कूपनं फडक्यात बांधली.

"चला आत्याबाई, संगच जाऊ."

"तू जा. मी नाई येत."

"काऊन? रोज तं खेपा मारत होत्या."

"आता कायले जाऊ तिथी?" अंजनाबाई म्हणाली आणि पुन्हा तांदूळ पाखडू लागली.

नानाजी शेट उंच गादीवर बसला होता. गिऱ्हाइकं खाली, पायरीशी. त्याने कूपनं फळीवर ठेवायला सांगितली, मोजली, थप्पी करून बाजूला सारली. मग म्हणाला, "हात कर." रुखमाने ओंजळ धरली आणि नाणी खणखणत आली. दोनचार ओंजळीतून उसळून गुळाच्या पोत्यामागे गेली. रुखमाने वाकून तीही वेचली, सगळी पदराच्या गाठीला बांधली आणि जवळजवळ पळतच निघाली. एक पैसा कमी नाही! माणूस आखडू आहे, पण चोख आहे, तिला वाटलं.

घरी येऊन तिने पदर सोडला. "घ्या आत्याबाई, साऱ्याचे पैसे भेटले!"

अंजनाबाईने नाण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने सुनेचा हात धरला, तळवा उलगडला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"कसे देल्ले त्यानं?"

"कसे म्हंजे? मोजून देल्ले."

"वरून टाकले ना?"

रुखमाला शेटचा हात आठवला. ओंजळीपासून चांगला वीतभर वर होता. तिला ती घाई वाटली होती.

"वरूनच टाकते तो," अंजनाबाई म्हणाली. "मी नवी नवरी होती तवापासून टाकते. छप्पन साली आपण धम्म घेतला, त्याच्या मागूनबी टाकते. लटारू तं साऱ्याइच्या हातात देते, त्याच्याकडं जाऊन काय करू मी?"

मग ती हसली. रुखमाने तिला असं पोरीसारखं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"पयलं कूपनबी त्यानं वरूनच सोडलं, पोरी. हवेनं नालीत गेलं. मी हात तसाच ठेवला. म्हटलं, शेटजी, मले भेटलं नाई, दुसरं द्या. दुसरंबी उडालं. तिसरं मंग त्यानं माह्या हातावर ठेवलं, अन् उडू नाई म्हणून वरून बोटानं दाबलं."