झाकणाच्या आत

गोदावरीबाई घड्याळे दुरुस्त करणाऱ्या यादोरावांच्या मेजासमोरून पुढे गेल्या आणि शेजारच्या मोबाइल दुकानातील स्टुलावर बसल्या. यादोरावांनी डोळ्यावरचे भिंग काढले. सिहोऱ्याहून तुमसरच्या बाजाराला येणारी ही बाई, लग्नात मिळालेल्या मनगटी घडीचा सेल बदलण्यासाठी एकवीस वर्षांत दुसऱ्या कोणाकडे गेली नव्हती.

"काहून जी गोदावरीबाई, रस्ता भुलल्या का आज?"

"भुलली नाई जी. मागच्या खेपी तुमचा चाकू सटकला. हा पाहा ओरखडा. म्हटलं, आता पोरीच्या हातचं पाहू."

पोरगी म्हणजे त्या दुकानाची मालकीण रीता. तिने काउंटरवर एक पिवळे औजार ठेवले. ते तळहातात मावेल एवढेच होते. घडी पालथी बसेल असा एक खळगा, कडेला झाकण उचलणारी बोथट जीभ, आणि दुसऱ्या टोकाला सेल काढण्यासाठी बारीक चोच.

"हे कुठं भेटते वं?"

"भेटत नाई मावशी. मीच बनवलं. घरी मशीन हाये, तिच्यावर छापलं."

"छापलं? लग्नपत्रिकेवानी?"

"तसंच समजा. कागदाच्या जागी प्लास्टिक."

रीताने औजाराची जीभ दाबली. टक् असा ध्वनी झाला आणि झाकण उचलले गेले. घडीला कोठेही इजा झाली नाही. यादोराव पाहत होते. हे औजार आपल्याला सुचावयास हवे होते, असे प्रथम त्यांच्या मनात आले. नंतर, ते मोडावे असे आले. या दोन विचारांत त्यांना फारसे अंतर जाणवले नाही.

रीता बराच वेळ घडीवर वाकून होती. मग तिने झाकण बसवले आणि घडी सरळ केली. काटे हलले नाहीत. तिने घडी कानाशी नेली, झटकली, पुन्हा पाहिली.

यादोरावांच्या अंतःकरणात जो आनंद उत्पन्न झाला, तो त्यांनी मुखावर येऊ दिला नाही.

"काकाजी," रीता घडी आणि औजार घेऊन त्यांच्या मेजापाशी आली. "काटे सरकूनच नाई राहिले. सेल तं नवा हाये. पाहा ना जी."

गोदावरीबाईही मागोमाग आल्या.

यादोरावांना घडी हाती घेताच दोष कळला. घडीच्या कडेची, काटे फिरवण्याची चावी बाहेर ओढलेली होती. काम चालू असताना काटे थांबवावेत म्हणून ती रीताने ओढली असावी, आणि परत दाबावयाचे ती विसरली. नखाने दाबण्याएवढेच काम होते. परंतु एवढ्याशा कामाने कोणाचे मोठेपण सिद्ध होत नाही.

"उघडून पाहा लागन," ते गंभीरपणे म्हणाले. "तुह्या प्लास्टिकनं आत काय करून ठेवलं, कोणाले मालूम."

रीताचा चेहरा उतरला. यादोरावांनी चाकू घेतला. त्याचे टोक झाकणाच्या कडेपाशी गेले आणि तेथे थरथरू लागले. जुना ओरखडा अगदी शेजारीच होता.

"हळू जी," गोदावरीबाई म्हणाल्या.

रीताने पिवळे औजार मेजावरून त्यांच्याकडे सरकवले. यादोरावांनी ते पाहिले न पाहिल्यासारखे केले. मग चाकू ठेवला, घडी खळग्यात बसवली आणि जीभ दाबली. झाकण अलगद त्यांच्या बोटांत आले.

सेल बदलला की झाकणाच्या आत सुईने आपल्या नावाचे पहिले अक्षर आणि चालू साल कोरावयाचे, ही त्यांना त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेली रीत होती. ते कोणाला दिसत नसे, आणि त्यांनी कोणाला सांगितलेही नव्हते. या झाकणात त्यांचे दहा 'या' एकाखाली एक होते. वरचे ठसठशीत; शेवटचे दोन गांडुळासारखे वाकडे.

आज त्यांच्याखाली अकरावा 'या' होता. सरळ, नेटका, आणि शेजारी या वर्षाचे साल.

"हे कोणं लिवलं?"

"मीनं," रीता घाबरून म्हणाली. "चुकलं का जी? बाजारातल्या अर्ध्या घड्याईत आतून हेच लिवलं रायते. म्हटलं, घडीवाल्याईची रीतच असन. गिऱ्हाईकाले म्हणाचं, परत या. म्हणून मीबी सगळ्याईत लिवतो."

"झाकणाच्या आत 'या' लिवलं तं दिसन कोणाले वं?" गोदावरीबाई हसू लागल्या.

"दिसत नाई मावशी. पण लोकं येतेत ना परत."

संपूर्ण बाजार यादोरावांना घडीवाले काका म्हणत असे. दुकानाच्या पाटीवरही त्यांचे नाव नव्हते.

त्यांनी सुई उचलली. तिचे टोक त्या अकराव्या अक्षरावर नेले. ते खोडायला एक आडवी रेघ पुरे होती. सुई हवेत थरथरत राहिली, आणि तिच्याखाली ते अक्षर मात्र निश्चल होते. त्यांनी सुई डबीत ठेवून दिली.

झाकण बसवून त्यांनी घडी सरळ केली, रीताला दिसेल अशी धरली आणि चावी नखाने आत दाबली. सेकंदकाटा चालू लागला.

"अवं माय!" रीताने जीभ चावली. "एवढंच होतं?"

"एवढंच होतं."

गोदावरीबाईंनी घडी मनगटावर बांधली. रीताने आपले औजार घेण्यासाठी हात पुढे केला. त्यावर टेकलेले यादोरावांचे बोट उचलले गेले नाही.

"त्या 'या'चा काना," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले, "जरासा लांब वढत जा."