फटक्याआधी

मागच्या दाराची कडी खळ्ळकन वाजली आणि दुपारची शांतता तडकली.

ती दचकून उठली. आत्ता कुठे लेकीला थोपटून थोपटून निजवलं होतं, आत्ता कुठे स्वतःची पाठ टेकली होती. शेजारची गादी रिकामी. उशीवर तेवढा डोक्याचा खळगा, अजून कोमट.

“बबडे!”

बबडी अंगणात उकिडवी बसली होती. दोन्ही हात डोक्यावर, हनुवटी गुडघ्यांत खुपसलेली, डोळे गच्च मिटलेले. आसपास चिटपाखरू नव्हतं.

“अगं, काय चाललंय हे? ऊन बघ किती!”

“शूऽ. ओरडले ना ते. ओरडले की अस्संच बसायचं.”

“कोण ओरडलं?”

“ते काका लोक.”

“आणि असं बसायचं कुणी शिकवलं?”

“आजोबांनी.”

तिनं लेकीला काखोटीला मारलं आणि तिच्या केसांतली वाळू झटकली. या अंगणाचं एक नवलच होतं. किती माती आणून ओता, खालून पांढरी बारीक वाळू वर यायचीच. इथं कधीकाळी गोल्फचं मैदान होतं, हे साऱ्या वसाहतीला ठाऊक होतं. पण क्लब बुडाला कसा, ते ज्याला विचारावं तो वेगळं सांगायचा. कुणी म्हणे पाणी परवडेना, कुणी म्हणे सभासदांची आपसात जुंपली.

सासरे खिडकीशी खुर्चीत बसले होते. उभा जन्म त्यांनी त्या मैदानाचं गवत राखलं होतं. तिनं बबडीला खाली ठेवलं.

“बाबा, पोरीच्या डोक्यात काय भरवलंत तुम्ही? भ्यायला लागेल अशानं.”

“भ्यायलेली परवडली.”

ती हसायला गेली, पण सासरे हसत नव्हते.

“म्हणजे तुम्हालाही ऐकू येतं?”

“जेवणं उरकली की. त्यांची वेळच ती.”

“मग मला कसं नाही येत?”

“तुला कामातून सवड कुठाय?” म्हाताऱ्यानं खिडकीबाहेर पाहिलं. मग एकदम बोलायला लागला, जणू कुणी आत्ताच विचारलं होतं. “फार शिस्तीचा क्लब. कुणी फटका मारायला उभा राहिला की बाकीचे चिडीचूप. खोकला आला तर गिळायचा. मीसुद्धा गवताचं यंत्र बंद करून उभा राहायचो. मोठी माणसं, मोठे रिवाज. मैदानात वाळूचे खड्डे असतात, चेंडू अडकावा म्हणून मुद्दाम केलेले. पोरांना त्याचं काय? वाळू दिसली की झालं. त्या दुपारी एक पोर खेळता खेळता खड्ड्यातून उठून उभी राहिली. फटक्याच्या ऐन समोर. खेळणारे चौघं. बाकी तिघांनी पाहिलं ना तिला! पण मारणारा उभा राहिलेला. मग बोलायचं कसं? शिस्त मोडते. चेंडू सुटल्यावर ओरडले. सगळे एकदम. आपल्याला कोण हाक मारतंय म्हणून तिनं मान वर केली.”

तिच्या बोटांना अजून लेकीच्या केसांतली वाळू चिकटलेली होती.

“पुढं काय, तर जो तो फटक्याआधीच ओरडायला लागला. समोर कुणी असो नसो. खेळ राहिला बाजूला, नुसती बोंबाबोंब. असं किती दिवस चालणार? एकेक जण यायचा थांबला. गवत कमरेएवढं वाढलं. मग भूखंड पाडले.”

“आणि अख्खं मैदान सोडून तुम्ही नेमका हाच भूखंड घेतलात?”



“तुझ्या सासूला हाच हवा होता.”

घरात त्या पोरीबद्दल कधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. नवरा नेहमी म्हणायचा, मी एकुलता एक. एकटाच उरलो, असं तो कधीच म्हणाला नव्हता.

आधी त्या मागच्या दाराला कुलूप, तिनं मनाशी पक्कं केलं. संध्याकाळी नवरा आला की तोंड उघडायचं. भाड्याचं घर बघू, दुसऱ्या टोकाला बघू, पण इथं नको.

“सूनबाई,” सासरे खुर्चीतून अर्धवट उठले. “पोर कुठाय?”

ती धावली. बबडी अंगणाच्या मधोमध उभी होती, ताठ, पलीकडे कुठेतरी टक लावून. या खेपेला हात डोक्यावर नव्हते.

“बबडे, खाली बस! बस खाली!”

आपणच ओरडलो आणि पोरीनं मान वर केली, हे तिला दिसलं. त्याच क्षणी सगळं थांबलं. शेजारचा नळ गप्प, झाडातली पाखरं गप्प. पानसुद्धा हलेना. ही रिकामी शांतता नव्हती. ही पुष्कळ माणसांनी मिळून पाळलेली शांतता होती.

तिला काहीच ऐकू आलं नाही. तरी तिनं लेकीवर झेप घातली, तिला पोटाखाली घेतलं, ते इवलंसं डोकं दोन्ही हातांनी झाकलं आणि स्वतःचं कपाळ वाळूत दाबलं. कानाजवळून बारीक शीळ घालत काहीतरी गेलं. वारा असेल. पान तर हललं नव्हतं.

मग शेजारचा नळ पुन्हा वाहू लागला.

ती तशीच पडून राहिली. लेकीचं काळीज तिच्या पोटावर धडधडत होतं, की तिचंच लेकीच्या पाठीवर, कळत नव्हतं. थोड्या वेळानं बबडीनं तिच्या दंडाखालून डोकं बाहेर काढलं आणि पलीकडे पाहिलं.

“आई, ती अजून उभीच आहे,” ती हळूच म्हणाली. “तिलापण घेतेस?”