निळी खिडकी

"दादा, आपल्या जुन्या घराची खिडकी कुठल्या रंगाची होती? हल्ली आठवेनासं झालंय," धाकट्या बहिणीनं लिहिलं होतं. म्हाताऱ्या ग्रंथपालानं त्या पत्राला उत्तरच पाठवलं नव्हतं. चार ओळी लिहायच्या, मनाला पटल्या नाहीत की फाडायच्या. आज ते कपटे त्यानं चित्रवहीत चिकटवले. भिंती झाल्या, छप्पर झालं. खिडकी तेवढी उरली. तसा निळा कागद घरात एकच होता, त्याच्या लाडक्या पुस्तकाचं वेष्टन. त्यानं कात्री उचलली. "अहो, जन्मभर कुणाला पानाचा कोपरा दुमडू दिला नाहीत," बायको म्हणाली, "आणि आज हे?" "शब्द शोधत बसलो, तर ती मलाच विसरेल." निळे तुकडे खिडकीत बसले. चित्रवहीचं ते पान कापून पाकिटात घातलं. टपालपेटीपाशी पुन्हा शंका आली: खिडकी वाकडी झाली का? पण जुन्या घराची खिडकीही होतीच वाकडी. त्यानं पाकीट आत सोडलं.