उजव्या गालावरचा तीळ

"घाई करू नका. निवू द्या," छापेवाला म्हणाला आणि त्याने कापडावर फोटो छापायच्या प्रेसचं झाकण वर उचललं.

खाली उशीचा अभ्रा होता, समोर उभ्या लेकीने गेलेल्या वडिलांच्या शर्टाचा शिवून आणलेला. त्यावर फिल्म चिकटून बसली होती आणि फिल्मखाली धूसर असे वडील होते. तापलेल्या कापडाचा वास दुकानभर पसरला. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती, आणि बाकावर बसलेली तिची आई त्या धुळीकडे बघता बघता कुठल्या कुठे गेली होती.

"आईला बाबांचा चेहराच आठवत नाही हो," लेक हळू आवाजात म्हणाली. "डोकं शाबूत आहे. माझ्या लहानपणच्या सगळ्या खोड्या पाठ आहेत. पण डोळे मिटले की बाबांच्या चपला दिसतात, चष्मा दिसतो, चेहरा नाही. फोटो दाखवला तर म्हणते, हे कुणी परके गृहस्थ वाटतात. रात्र रात्र रडते."

फिल्म निवली. छापेवाल्याने नखाने कोपरा उचलला आणि ती सावकाश सोलत नेली. आधी हनुवटी आली, मग ओठ, मग नाक. झोपेतून माणूस वर यावा तसे वडील वर येत होते. लेकीचे डोळे भरले, आणि लगेच मोठे झाले.

"तीळ उजव्या गालावर होता! भांगही दुसरीकडे गेलाय. अहो, उलटं छापलंत तुम्ही!"

छापेवाल्याने मूळ फोटो अभ्र्याशेजारी धरून पाहिला. फिल्मवर चित्र उलटं काढलं तरच कापडावर सुलटं उमटतं. हे झोपेतही न विसरणारा माणूस नेमका आज विसरला होता.

"चुकलं, ताई. दुसरा अभ्रा द्या, लगेच करून देतो."

"दुसरा शर्ट कुठून आणू? एवढा एकच उरला होता."

आई उठून टेबलापाशी आली. अभ्र्यावर वाकली.

"अहो," ती हळूच म्हणाली.

"काय, मावशी?" छापेवाल्याने घाबरत विचारलं. पण ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"आई, ते उलटे आलेत."

"उलटे कुठे? हेच ते." आईच्या चेहऱ्यावर कोवळं हसू आलं. "घर माणसांनी भरलेलं. नवऱ्याकडे मान वर करून बघायची चोरी. सकाळी मी कपाटाच्या आरशात वेणी घालायची, तेव्हा हे मागे येऊन भांग पाडायचे. काय बघायचं ते आरशात. पुढे घर रिकामं झालं, पण आमची सवय काही सुटली नाही."

छापेवाल्याने मूळ फोटो परत पुढे केला. आईने तो घेतला आणि लेकीच्या हातात ठेवला.

"हा तू ठेव," ती म्हणाली. "हे तुझे बाबा."