वरचा बाण

जर्मनच्या लढाईचे दिवस. शाळा तपासायला डिप्टी साहेब येणार, म्हणून जगदेव गुरुजींनी छपराच्या टिनांवरचे गोटे काढायला लावले. गावंढळ दिसतात म्हणे!

"वजन नसलं तं वावधनात टिनं उडतीन न, गुरुजी," शाळा झाडणारी रंगूबाई म्हणाली.

"तुले काय समजते? झाडू मार तू!"

मग फळ्यावर विमान काढून त्यांनी त्याला दोन बाण जोडले. वजनाचा खाली, वाऱ्याचा वर. "वरचा बाण मोठा झाला का विमान उडालंच, पोट्टेहो! यात देवाची करणी काही नाही."

दुपारी सोसाट्याच्या वाऱ्याचं वावधन सुटलं. टिनं थेट पल्याडच्या वावरात.



छप्पर कशानं उडालं, असं डिप्टी साहेबांनी विचारल्यावर गुरुजींनी लेखी उत्तर दिलं: 'देवाची करणी.'